सगळं तर खाली पडतं, मग पोटात काय जातं?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की सहा महिन्यांचं बाळ नीट बसायला लागलं की त्याच्या हातात उकडलेल्या लाल भोपळ्याची एक फोड द्या आणि शांत बसून बघा. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की या वेळी बाकीचे सगळे विषय (केस गळती, डब्यातली पोळी कडक होणे वगैरे) बाजूला ठेवलेत. ते प्रश्न विचारलेल्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की.

ज्यांना हा काय प्रकार आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बाळाला वरचं खाणं सुरू करताना सगळं वाटून घाटून चमच्याने भरवण्याऐवजी मऊ शिजवलेले पदार्थ हातात मावतील अशा आकारात समोर ठेवायचे आणि ते बाळाने आपल्या हाताने उचलून खायचे. इंग्रजीत याला बेबी लेड वीनिंग म्हणतात, आया आपसात बीएलडब्ल्यू म्हणतात, आणि हे नाव प्रचलित केलं ते ब्रिटनमधल्या जिल रॅप्ली नावाच्या बाईंनी, साधारण 2000 नंतरच्या दशकात. त्या तिथे हेल्थ व्हिजिटर होत्या, म्हणजे घरोघरी जाऊन बाळं बघणाऱ्या नर्स म्हणा ना. मी स्वतः डॉक्टर नाही, आहाराचं काम करते आणि दोन मुलं वाढवलीत, त्यातलं पहिलं पूर्ण चमच्यावर, दुसरं अर्धं हातावर. तेव्हा खालचं सगळं त्या बेताने वाचा.

ताई, माझी मुलगी साडेसहा महिन्यांची आहे. मी हौसेने तिला गाजराची उकडलेली फोड दिली तर तिने तोंडात घातली आणि एकदम ओ ओ करायला लागली, डोळ्यांत पाणी, तोंड लाल. सासूबाई धावत आल्या, बोट घालून काढलं, आणि आता घरात या विषयावर बोलायचीच चोरी झालीये. तिच्या घशात अडकलं असतं तर? मी चूक केली का? (एक आई, नाशिक)

चूक नाही केलीस गं. आधी पाणी पी.

तू जे बघितलंस ती उबळ होती. घशात अडकणं वेगळं. हा फरक ज्या घरात कळतो त्या घरात हे सगळं निभतं, जिथे नाही कळत तिथे दुसऱ्या दिवशी परत मिक्सर सुरू होतो. सहा महिन्यांच्या बाळाला ओकारीची जी जागा असते ना जिभेवर, जिथे काही टेकलं की उबळ येते, ती मोठ्या माणसापेक्षा बरीच पुढे असते. म्हणजे घास घशापर्यंत जायच्या खूप आधीच शरीर तो पुढे ढकलून देतं. त्यात आवाज असतो, खोकला असतो, तोंड लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, कधी थोडी ओकारीही होते, आणि मग बाळ तो तुकडा बाहेर काढून त्याच्याकडे असं बघतं की हा कोण आला, आणि परत तोंडात घालतं. आपला जीव अर्धा झालेला असतो आणि ते मजेत.

अडकणं मात्र शांत असतं. तेच भयंकर आहे त्यातलं. श्वासनळीत काही बसलं की आवाज निघत नाही, खोकला येत नाही किंवा अगदी क्षीण येतो, रडता येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात. म्हणून माझं एकच पालुपद असतं: आवाज येतोय तोवर हात मागे ठेवा, आवाज बंद झाला की उठा.

आणि ते बोट. सासूबाईंनी मायेनेच घातलं, मला कळतंय, माझ्या आईनेही घातलं असतं. पण दिसत नसलेल्या गोष्टीसाठी तोंडात बोट घातलं तर पुढे आलेला तुकडा परत मागे ढकलला जाऊ शकतो. समोर दिसतंय, चिमटीत पकडता येतंय, तरच काढायचं. खरंच अडकलं असेल तर बाळाला पालथं आपल्या हातावर घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, मानेला आधार, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच थापा द्यायच्या, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि परत थापा, आणि तोवर घरातल्या दुसऱ्या माणसाने 108 लावायचा. बाळाने भान सोडलं तर सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार) लागतो. उलटं टांगून हलवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. हे वाचून येत नाही हो, एकदा प्रत्यक्ष बाहुलीवर करून बघावं लागतं. असे दोन तासांचे प्रथमोपचार वर्ग असतात, तुझ्या बाळाच्या डॉक्टरांना विचार कुठे आहेत ते, आणि सासूबाईंना सोबत ने. खरं सांगते, घरातला निम्मा वाद त्या दोन तासांत संपतो.

आता अभ्यास काय म्हणतात तेही सांगते. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या लोकांनी दोनशे सहा कुटुंबांवर एक अभ्यास केला, 2016 साली त्याचे या बाबतीतले निष्कर्ष आले. एका गटाला बाळाला स्वतःच्या हाताने कसं खाऊ द्यायचं याची नीट माहिती दिली, कुठला पदार्थ धोक्याचा, कुठला आकार चालतो वगैरे, आणि दुसऱ्या गटाने आपलं नेहमीसारखं केलं. घशात अडकण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. उबळ मात्र हाताने खाणाऱ्या बाळांना सहाव्या महिन्यात जास्त आली आणि आठव्या महिन्यात उलट कमी. म्हणजे ती शिकली. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत, ती ही की दोन्हीकडच्या कितीतरी बाळांना अडकू शकतील असे पदार्थ दिले जात होतेच. तेव्हा चमचा की हात यापेक्षा ताटात काय ठेवलंय तिथे आपली भीती खर्च करायला हवी.

तुझ्या गाजराचं म्हणशील तर, अंगठा आणि बोटात धरून दाबून बघ, लगदा झाला पाहिजे. गाजर बाहेरून शिजल्यासारखं दिसतं आणि आत टणक राहतं, मला ते सुरुवातीला आवडतच नाही. भोपळा, रताळं, पिकलेलं केळं, वाफवलेलं सफरचंद हे बरे. आणि फोड आपल्या बोटाएवढी लांब हवी, कारण या वयात बाळ पूर्ण मुठीने पकडतं, चिमूट अजून आलेली नसते, मुठीतून वर जेवढं डोकावतं तेवढंच त्याला खाता येतं. छोटे छोटे चौकोनी तुकडे आपल्याला सुरक्षित वाटतात पण सहाव्या महिन्यात ते त्याला उचलताही येत नाहीत. ते आठ-नऊ महिन्यांनंतर, चिमटीत दाणा पकडायला लागलं की. केळ्याची एक युक्ती सांगते, अर्धं केळं सालासकट द्यायचं, साल स्वच्छ धुऊन, वरचा भाग सोलून, खालची साल मूठ म्हणून राहू द्यायची, हातातून सटकत नाही.

माझी नात सात महिन्यांची, बंगळूरला असते. मी महिनाभर राहून आले. लेक आणि जावई तिला चमच्याने काही देतच नाहीत. ताटलीत फोडी ठेवतात, ती चिवडते, फेकते, केसांना लावते. सगळं तर खाली पडतं, मग पोटात काय जातं? आम्ही वरणाचं पाणी, मऊ भात, चिऊचा घास काऊचा घास करून तीन पोरं वाढवली, गुबगुबीत होती. जावई म्हणतात आई तुम्ही मधे पडू नका, हे सायंटिफिक आहे. मला खरंच काही कळत नाही का? (एक आजी, सांगली)

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कळतं हो तुम्हाला, आणि तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून या वेळच्या मथळ्यावर तोच घातला.

पोटात काय जातं? पहिल्या महिन्याभरात खरंच फार काही जात नाही, आणि त्यात घाबरण्यासारखंही फार नाही, कारण एक वर्षापर्यंत मुख्य जेवण दूधच आहे, आईचं किंवा पावडरचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300, आणि वर्षानंतर एकदम 550. दोनशे म्हणजे किती, तर दिवसभरातून दोन-तीन वेळा थोडं थोडं तूप घातलेला मऊ वरणभात, थोडं केळं, एवढ्यात जवळपास तिथे पोचतो. आपण समोर ठेवतो ती वाटी बाळाच्या पोटाच्या मापाची नसतेच मुळी, आपल्या मायेच्या मापाची असते.

पण जावईबापूंनाही दोन शब्द. वर ज्या न्यूझीलंडच्या अभ्यासाबद्दल लिहिलं त्याचाच पुढचा भाग 2017 मध्ये आला, त्यात दोन्ही गटांच्या वजनात काही फरक नव्हता. म्हणजे हाताने खाणारी बाळं उपाशी राहिली नाहीत, बरोबर, पण ती जास्त सुदृढ किंवा शेलाटीही झाली नाहीत, ज्याची इंटरनेटवर खूप जाहिरात चालते. खाण्यात नखरे थोडे कमी होते एवढं दिसलं. आणि त्या गटाला नुसतं फोडी ठेवा आणि बघा असं सांगितलं नव्हतं, दर जेवणात लोहाचा एक पदार्थ आणि पोटभरीचा एक पदार्थ द्या असं पढवलं होतं. नुसत्या काकडी-गाजर-भोपळ्यावर बाळ ठेवलं तर आजींचीच बाजू मी घेणार.

आणि चमचा बंद हा जो कडक नियम लोक करतात तो मला काही पटत नाही. दही, पेज, नाचणीचं सत्व हे हाताने कसं खाणार? चमचा भरून बाळाच्या हातात द्या, ते उलटसुलट का होईना तोंडात घालतं. मऊ भाताचा तुपाचं बोट लावून लांबट मुटका करा, तो हातात धरता येतो. म्हणजे आजी, तुमचाच मऊ भात, फक्त हात नातीचा.

वरणाच्या पाण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. वरचं पाणी काढून बाळाला द्यायचं आणि खालची डाळ आपण खायची, यात बाळाला मिळतं काय? पिवळं पाणी. पोट भरतं आणि ताकद येत नाही. दाट वरण द्या, घोटून, चमचा वाकडा केला तरी पटकन ओघळणार नाही असं.

चिऊचा घास काऊचा घास सोडू नका. मी सांगते म्हणून नाही, समोर बसून, तोंडाकडे बघून, गोष्ट सांगत भरवणं यात वाईट काहीच नाही, वाईट आहे ते बाळाने तोंड फिरवल्यावर हा शेवटचा, हा बाबाचा, हा मामाचा करत अजून सात घास कोंबणं. मीच केलंय हे, मोठ्याच्या वेळी, आणि ते पुरेना म्हणून पुढे मोबाईल लावून दिला, पोरगं स्क्रीनकडे बघत आ करायचं आणि मी खूश की वाटी संपली. पुढे चार वर्षांचा होईपर्यंत त्याला मोबाईलशिवाय घास गिळता येत नव्हता. काय, कधी, कुठे बसून खायचं हे आपण ठरवायचं, किती खायचं हे बाळाने. नात चमच्याकडे झेपावते का, तोंड उघडते का ते बघा, आणि मान वळवली की थांबा. वजनाच्या तक्त्यावर तिचा आलेख तिच्या रेषेने वर जातोय ना, लसीच्या वेळी बघतातच. जातोय, मग खालचं पुसून घ्या आणि बंगळूरच्या पुढच्या फेरीत जुनी साडी न्या एक, खुर्चीखाली अंथरायला.

आम्ही पूर्ण शाकाहारी. मुलगा आठ महिन्यांचा, हाताने मजेत खातो, पण डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. बायको म्हणते हे हाताने खाण्यामुळे झालं. (एक बाबा, पिंपरी)

त्यामुळेच झालं असं नाही म्हणता येणार, पण संबंध असू शकतो. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो, अंगावरच्या दुधात लोह फारच थोडं. त्यामुळे वरच्या अन्नाचं पहिलं काम लोह. आणि आपल्याकडे हा प्रश्न चमच्यावरच्या बाळांचाही आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली सहा महिने ते पाच वर्षांची 67 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. तीनातली दोन! तेव्हा बायकोला म्हणावं दोष पद्धतीचा कमी, ताटाचा जास्त.

ताटात बघा काय होतं. केळं, भोपळा, सफरचंद, डोसा? तांदळाच्या डोशात कुठलं आलंय लोह. त्याऐवजी हिरव्या मुगाचं धिरडं, मसुराच्या डाळीची मऊ टिक्की, नाचणीचं घावन पट्ट्या कापून, राजमा किंवा चवळी अगदी लगदा शिजवून बोटाने दाबून चपटी केलेली. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या वर लोह आहे आणि कॅल्शियम तर साडेतीनशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त, पण वनस्पतीतलं लोह अंगी लागायला कठीण, त्याला सोबत क जीवनसत्त्व लागतं. म्हणून धिरड्यावर लिंबू पिळा, वरणात लिंबू, जेवणासोबत संत्र्या-मोसंबीच्या सोललेल्या, बिया आणि पापुद्रा काढलेल्या फोडी. नाचणी मोड आणून वापरली तर अजून बरं. धिरडं बिडाच्या तव्यावर घाला. पालकाचं फार कौतुक नको, त्यातलं लोह कागदावरच जास्त. आणि चहा-बिस्कीट, हो हो आठ महिन्यांच्या बाळालाही बशीतून चहा देणारी घरं मी बघितलीत, तो तर अजिबात नको, चहा लोह नीट शोषू देत नाही.

सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलीलीटर लोहाचं सिरप द्यायचं ठरलेलं आहे, आशाताई किंवा आरोग्य केंद्रात मिळतं. पण तुमच्या मुलाचं आधीच कमी आलंय म्हणजे त्याला उपचाराचा डोस लागेल, तो डॉक्टरच ठरवतील, तो खाण्याने भरून काढू म्हणून टाळू नका प्लीज. धिरडी सोबतीला.

(खाणाऱ्यांसाठी एक ओळ: मटणाचा मऊ शिजवलेला खिमा किंवा चिकन, आठवड्यातून दोन-तीनदा जरी दिलं तरी लोहाचं गणित खूप सोपं होतं. हाड, काटा नको. सुरमईचा तुकडा बोटांनी कुस्करून काटा चाचपून द्यावा.)

बाळ सातव्या महिन्यात पाळणाघरात जाणार. तिथल्या मावशी म्हणतात आमच्याकडे नऊ पोरं आहेत, आम्ही चमच्यानेच भरवणार, सांडलवंड चालणार नाही. मग हाताने खाणं सोडून द्यायचं का? (ठाणे)

मावशींचं बरोबर आहे की. नऊ पोरं आणि एक फडकं. तिथे चमच्याने खाऊ दे, घरी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हाताने. बाळं गोंधळत नाहीत, आपणच गोंधळतो. मावशींकडे एवढंच मागा की बसवून भरवा, मांडीवर आडवं करून नाही, नको म्हटलं की थांबा, आणि मोठ्या पोरांच्या खाऊतले दाणे-फुटाणे लहानांच्या पट्ट्यात येऊ देऊ नका. हे शेवटचं मी जरा जोरात म्हणतेय, कारण एका हळदीकुंकवाच्या घरी दहा महिन्यांच्या बाळाच्या हातात त्याच्या चार वर्षांच्या ताईने प्रेमाने फुटाणा ठेवलेला मी स्वतः बघितलाय. पाठीवर दोन थापांत निघाला. तिथे हातातलं तिळगुळ तसंच राहिलं सगळ्यांचं.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर-सफरचंद, खोबऱ्याचे तुकडे, चिक्की, बोरं, सीताफळाच्या बिया न काढलेला गर. ही न द्यायच्या गोष्टींची यादी फ्रिजवर लावा. अख्खे दाणे तर चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार भाग.

आता छोटे छोटे प्रश्न पटापट.

उष्टावणाला खीर भरवायचीच असते, पण साखर नको म्हणतात. आणि मध चाटवायचा का? मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, सोन्याच्या अंगठीने सुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ती वाढून स्नायू लुळे पाडतात. शिजवलं तरी ती मरतीलच असं नाही. खिरीचं म्हणाल तर मामाच्या मांडीवर बसून एक बोट चाटवायला माझी हरकत नाही, समारंभ आहे, फोटो आहेत. पण घरी रोज मीठ-साखर वर्षाच्या आत घालू नये, साखर तर दोन वर्षांपर्यंत टाळता आली तर उत्तमच. गोडीला खजूर भिजवून वाटा. आपल्या भाजीतून मीठ-तिखट घालायच्या आधी बाळाचं काढून ठेवा, जिरं, हिंग, हळद, कोथिंबीर खुशाल घाला. बेचव खाऊ घाला असं कोणी म्हटलेलं नाही.

शेंगदाण्याची ॲलर्जी होते म्हणून तीन वर्षांपर्यंत देऊ नका असं आमच्या नात्यातल्या एकीने अमेरिकेतून सांगितलंय. पूर्वी तसंच सांगायचे तिकडे. 2015 मध्ये लंडनच्या एका अभ्यासाने ते उलटं केलं, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या सहाशेच्या वर बाळांमध्ये ज्यांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाणा दिला त्यांच्यात ॲलर्जी खूपच कमी झाली, ज्यांना टाळायला लावला त्यांच्यात जास्त. आपल्या घरात कूट असतोच, तो अगदी बारीक करून, दह्यात किंवा भोपळ्यात पाव चमचा मिसळून, सकाळच्या वेळी द्या म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. कोरडा कूट चमच्याने नको, ठसका लागतो. अंड्याचंही तसंच, पूर्ण शिजवून. बाळाला खूप इसब असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी दिसली असेल तर मात्र आधी डॉक्टर.

दात नाहीत तर चावणार कसं? हिरड्यांनी. तुमचं बोट त्या बोळक्यात घालून बघा एकदा.

बाळ साडेचार महिन्यांचं आहे पण आमच्या ताटाकडे टक लावून बघतं, सुरू करू? ते मोबाईलकडेही टक लावून बघतं. सहा महिने होऊ दे, आधार न देता किंवा अगदी थोड्या आधाराने बसू दे, मान स्थिर होऊ दे, तोंडात काही घातलं की जिभेने बाहेर ढकलणं थांबू दे. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा अंग सैल असेल तर तारखेवर जाऊ नका, डॉक्टरांशी बोलूनच.

पाणी? सहा महिन्यांनंतर जेवणासोबत घोट-दोन घोट, छोट्या फुलपात्रातून. दुधाची बाटली नको त्याला.

माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. सुरुवातीला मला भीती वाटायची म्हणून सगळं मिक्सरमधून काढून दिलं. आता भाताचं एक शीत जरी लागलं तरी ओकतो. डॉक्टर म्हणतात वजन छान आहे, काळजी करू नका. पण सगळीकडे मिक्सर घेऊन फिरायचं का मी? लग्नाला गेलो होतो तर तिथेही डब्यात नेलेली पातळ खिमटच. (कोल्हापूर)

मिक्सरचा डबा घेऊन लग्नाला गेलेल्या तुम्ही एकट्या नाही, आमच्या शेजारी एकीने तर रेल्वेत चार्जिंगवरचा ब्लेंडर नेला होता.

हे घडतं कारण चावायला शिकायचे दिवस असतात, साधारण सहा ते नऊ-दहा महिने, तेव्हा तोंडात गुठळी आली नाही तर जीभ ती बाजूला न्यायला शिकत नाही, आणि मग प्रत्येक शीत घुसखोर वाटतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या भागात हजारो मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चाललाय, त्यात असं दिसलं की ज्यांना गुठळ्यांचं अन्न नऊ महिन्यांनंतर सुरू झालं त्यांच्यात सातव्या वर्षीसुद्धा खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या. घाबरवण्यासाठी नाही सांगत, अजून पंधरा दिवस थांबू असं म्हणू नका एवढ्यासाठी.

एकदम मिक्सर बंद करू नका, तो उपाशी राहील आणि तुम्ही रडाल. पहिले चार दिवस मिक्सरऐवजी रवी. मग नुसतं डावाने घोटणं. मग काट्याने कुस्करणं. चव तीच ठेवा, पोत बदला, दोन्ही एकदम नको. खिमट आहे तशीच दाट करत न्या. आणि त्याच वेळी बाजूला, भूक थोडी भागलेली असताना, त्याच्या समोर हातात धरायच्या दोन गोष्टी ठेवा, भाकरीचा वरणात भिजवलेला तुकडा आणि रताळ्याची फोड, आणि त्याच्याकडे बघू नका, तुम्ही तुमचं खा. ज्या मुलाला भरवलेला घास ओकारी आणतो तोच मुलगा स्वतः तोंडात घातलेला तुकडा बऱ्याचदा सहन करतो, कारण तो येतोय हे त्याला आधी माहीत असतं. मी हे इतक्या घरांत बघितलंय. चाटेल, टाकेल, चाटेल. आठवडा जाईल. घरातल्यांना सांगून ठेवा की कोणी वा वा म्हणायचं नाही आणि कोणी अरेरे म्हणायचं नाही.

तीन-चार आठवड्यांत काहीच पुढे सरकलं नाही, किंवा पाणी पितानाही सारखा ठसका लागतो, किंवा वजन थांबलं, तर मग ते नखरे समजू नका, गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात, बाळाच्या डॉक्टरांकडून त्यांचं नाव मागून घ्या. आणि हो, पुढच्या लग्नात त्याला पंगतीत स्वतःचं वेगळं पान मांडा, त्यावर मऊ भात, तूप, आणि जिलेबी शेजाऱ्याच्या पानात.